आप्पांचा रोजचा प्रश्न आणि माझी न फुललेली शेवंती

कृष्णाकाठची | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

आज सकाळी माझ्या शेवंतीचं पहिलं फूल पूर्ण उमललं. फेब्रुवारी संपत आलाय, हे ज्यांच्याकडे शेवंती आहे त्यांच्या लगेच लक्षात येईल. आपल्याकडे शेवंती दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना ऐन भरात असते आणि संक्रांतीपर्यंत संपते. माझी तीन-चार महिने उशिरा का फुलली ते सांगायचंय, आणि ते सांगायचं तर आप्पांपासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर वाईचं. घाटापासून चालत दहा मिनिटांवर घर, पुढची-मागची मिळून दीडेक गुंठा मोकळी जागा. आप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक. शाळेतून आले की सायकल भिंतीला, सदरा खुंटीला आणि बनियनवर थेट झाडांत. कुंपणाला कोरांटी, दारात पारिजातक, आडाजवळ अनंत, न्हाणीघराच्या भिंतीवर सायली आणि मधल्या वाफ्यात शेवंती: पिवळी, पांढरी आणि एक विटकरी रंगाची. आईला फुलं देवाला हवी असायची, आप्पांना झाडावर. शेवटी दोघांत ठरलं, निम्मी देवाला, निम्मी झाडाला. पारिजातकाचं भांडण नव्हतं, कारण त्याची फुलं पहाटे आपणहून खाली येतात आणि जमिनीवरून वेचलेली देवाला चालतात.

मला यातलं काहीच आवडत नव्हतं. माझ्या वाट्याला पाणी होतं. आडाचं पाणी शेंदून दोन लहान कळशा भरायच्या आणि वाफ्यापर्यंत न्यायच्या. हाताला दोराचे वळ उठायचे. गल्लीतल्या मुली लगोरी खेळत असायच्या आणि मी ओल्या परकरात.

आप्पांनी मला फुलांची नावं कधी पाठ करायला लावली नाहीत. "झाडांवर प्रेम करावं" असंही कधी म्हणाले नाहीत. रोज शाळेला निघताना, दप्तर पाठीला लावलं की एकच विचारायचे, "आज नवीन काय?"

झाडांत आज काय नवीन दिसलं, एवढाच अर्थ. मी काहीही ठोकून द्यायचे. "जास्वंदीला कळी आलीय." जास्वंदीला कळी बारा महिने असतेच. संध्याकाळी ते खरंच जाऊन बघायचे. मी न बघता बोलले हे त्यांना कळत असणारच, पण एकदाही त्याबद्दल शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात.

पाचवीत असताना एके सकाळी गुलाबाच्या पानांना कडेनं गोल गोल काप दिसले. कुणीतरी नखं कापायच्या कात्रीनं कातरल्यासारखे, इतके नेटके. मी धावत येऊन सांगितलं, "आप्पा, गुलाबाला रोग पडलाय." तो रविवार होता. आप्पा मला घेऊन गुलाबापाशी उकिडवे बसले. अर्धा तास गेला असेल. मग मधमाशीएवढी एक करडी माशी आली, पानाच्या कडेवर बसली आणि काही क्षणांत तिनं गोल तुकडा कापला, पोटाखाली धरला आणि उडाली. आम्ही मागोमाग. पडवीच्या छपरातल्या बांबूच्या पोकळीत ती शिरली. आप्पा म्हणाले, "पिल्लांसाठी खोल्या बांधतेय. पानांच्या भिंती." आणि थोड्या वेळानं, "औषध मारायचं नाही हं. चार पानं गेली तर गुलाबाला काही होत नाही."

त्या दिवसापासून मी खोटं सांगणं बंद केलं. सांगायला खरं इतकं असतं हे मला माहीतच नव्हतं.

आता शेवंती. गेल्या आषाढात वाईहून तीन कुंड्या पुण्याला आणल्या. आम्ही सिंहगड रस्त्याला चौथ्या मजल्यावर राहतो. शेंडे दोनदा खुडले, शेणखत घातलं, झाडं गोलमटोल झाली. दिवाळी गेली, डिसेंबर उजाडला, कळीचा पत्ता नाही. नुसती हिरवीगार पानं. आप्पांना फोन लावला. त्यांनी आधी पानांचं विचारलं, मग खुडणीचं, मग म्हणाले, "रात्री तिथं अंधार किती असतो?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्यांना तेच विचारायचं होतं. रात्री बाल्कनीत जाऊन बघितलं. समोरच सोसायटीचा पांढरा दिवा, संध्याकाळी लागतो तो उजाडल्यावर विझतो. कुंड्यांपाशी बसून पेपर वाचता आला असता.

आप्पा म्हणाले, "शेवंती रात्र मोजते. तिला लांब, सलग रात्र लागते. तुझ्याकडे रात्र झालीच नाही."

हे त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत दिव्याचा खांब उभा राहिला त्या वर्षी कुंपणालगतची शेवंती फुलली नाही आणि आतल्या वाफ्यातली नेहमीसारखी फुलली. माती तीच, पाणी तेच, रोपं एकाच आईची. दोन रात्री बाहेर बसून राहिले तेव्हा सावली कुठं पडते ते त्यांना दिसलं. शास्त्र तेच सांगतं. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकरा तासांवर येतो, आणि रात्र मोठी होत गेली की शेवंतीच्या शेंड्यात पानांऐवजी कळी धरते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी तिचं मोजमाप मोडतं. पॉलिहाऊसवाले शेतकरी हेच उलटसुलट वापरतात: रोप वाढवायचं तेव्हा रात्री बल्ब लावतात, फुलवायचं तेव्हा काळं कापड ओढून लवकर रात्र करतात.

५ डिसेंबरला तिन्ही कुंड्या मागच्या ड्राय बाल्कनीत हलवल्या. तिथं सकाळी अकरापर्यंत ऊन आणि रात्री मिट्ट काळोख. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुगाएवढ्या कळ्या दिसल्या. आणि आज फूल.

आप्पा आता ८१ वर्षांचे आहेत. गुडघे वाकत नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि काठीनं दाखवतात, इथलं तण काढ, तिथं पाणी साचतंय. सकाळी सातला त्यांचा फोन येतो. प्रश्न तोच असतो.

तुम्हाला फुलांची गोडी कुणी लावली? आईनं, वडिलांनी, आजीनं? कशी? वाचायला फार आवडेल.

---

एकपाकळी | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

किती सुंदर लिहिलंयस. "सांगायला खरं इतकं असतं हे मला माहीतच नव्हतं" इथं थांबले आणि परत वरून वाचलं.

माझीही शेवंती तीन वर्षं फुलत नाहीये आणि गच्चीवर हॅलोजन आहे! कुंड्या हलवणं शक्य नाही, मोठ्या आहेत. झाकल्या तर चालेल का?

---

कृष्णाकाठची | २३ फेब्रुवारी, दुपारी १:४०

चालेल. संध्याकाळी सहाला काळं जाड कापड किंवा पुठ्ठ्याचं खोकं घालायचं, सकाळी सातला काढायचं. पानांना चिकटू देऊ नकोस, आत हवा खेळली पाहिजे. कळ्या रंग दाखवेपर्यंत रोज. एखाददुसरा दिवस चुकला तर फार बिघडत नाही, पण आठवडाभर विसरलीस तर पहिल्यापासून. आता मात्र थांब. ऊन वाढतंय, तुझ्या झाडांना बुडातून नवे फुटवे आले असतील ते मुळांसकट वेगळे करून लाव आणि पावसाळ्यापर्यंत नुसती जगव. सप्टेंबर संपता संपता झाकायला घे.

---

मालवणी_मुलूख | २४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

आमच्याकडे अबोली. घर कुडाळजवळ, आई शाळेत गेलेली नाही. दुपारी जेवणं झाली की पडवीत बसून केळीच्या सोपाच्या दोऱ्यात अबोलीचा वळेसर करायची. अबोलीला वास नसतो, पण माळलेली अबोली दुसऱ्या दिवशीही टवटवीत राहते, म्हणून आमच्याकडे आणि गोव्यात तिला एवढा मान.

मी सहा-सात वर्षांचा असेन. तापात होतो, बाहेर सोडत नव्हते. आईनं अबोलीची वाळलेली बोंडं एका ताटलीत आणून दिली आणि म्हणाली, "हात लावू नको, पाणी घाल, मगे बघ." बोटानं थेंब टाकला. क्षणभर काही नाही, आणि मग टच्च! बोंड फुटून बिया पार भिंतीपर्यंत उडाल्या. मग दुसरं, तिसरं. ताप विसरलो. बिया कुठं कुठं पडल्या ते शोधत खोलीभर रांगलो.

का फुटतात ते आईनं असं सांगितलं: पाऊस आल्याशिवाय बी बाहेर येत नाही, कारण बाहेर येऊन करेल काय? कोरड्या जमिनीत मरेल. थेंब पडला की तिला कळतं, आता जायला हरकत नाही.

चार दिवसांनी बरा झालो तेव्हा त्या वेचलेल्या बिया मी परसात आंब्याच्या सावलीत टाकल्या. अबोलीला कडक ऊन सोसत नाही, आडोशाचा उजेड लागतो, पण तेव्हा मला कुठं माहीत, सावली होती म्हणून तिथं बसलो होतो इतकंच. उगवल्या. ती "माझी अबोली" झाली. आई तिची फुलं काढताना मला विचारायची, घेऊ का? स्वतःच्या परसात, सहा वर्षांच्या पोराला! मला वाटतं माझ्यातला बागवाला त्या विचारण्यानं तयार झाला. आज माझी छोटी रोपवाटिका आहे.

---

संत्रानगरी | २५ फेब्रुवारी, रात्री ११:३०

धागा वाचला, सगळ्यांचं छान आहे. माझं वेगळं आहे, लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या वडिलांचे गुलाब. नागपूर. ऐंशीच्या वर कुंड्या होत्या, प्रदर्शनात बक्षिसं यायची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अशा उन्हात गुलाब जगवायचे म्हणजे पहाटे पाचला पाणी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा पाणी, हिरव्या जाळीवर पाणी, कुंड्यांच्या बाजूच्या विटांवर पाणी. हे सगळं मी आणि माझी बहीण करत असू. गुलाब सोडून जाता येत नाही म्हणून आम्ही एकही उन्हाळा आजोळी गेलो नाही. दहावीत मला कावीळ झाली होती. त्या दिवसांतही बाबा ऑफिसातून आले की आधी गुलाबांकडे जात, मग माझ्या खोलीत येत. मी पलंगावरून पावलांचा आवाज ऐकत असायचो, डावीकडे वळतात की उजवीकडे.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. कुंड्या आम्ही वाटून टाकल्या. छाटणीची त्यांची कात्री तेवढी माझ्याकडे आहे. मला गुलाबातलं सगळं येतं. आवड मात्र लागली नाही. हेही आई-वडिलांकडूनच आलंय, म्हणून इथं लिहिलं.

---

कृष्णाकाठची | २६ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

संत्रानगरी, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. डावीकडे की उजवीकडे, हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

"बाबांचं मनातून प्रेम होतंच" असं मी म्हणणार नाही. मी त्यांना ओळखत नाही आणि तुम्ही ओळखत होतात. एक मात्र माझ्या धाग्यात राहिलं होतं, ते सांगते. माझा धाकटा भाऊ त्याच घरात वाढला. त्यालाही आप्पा रोज तेच विचारायचे. त्याला आज झेंडू आणि शेवंती यांतला फरकही पटकन सांगता येत नाही, आणि आप्पांना त्याचं वाईट वाटत नाही. तो क्रिकेटचं काहीतरी नवीन सांगायचा आणि आप्पा तेही तितक्याच लक्ष देऊन ऐकायचे. मला वाटतं फुलं हा भाग लहान होता. कुणीतरी रोज थांबून माझं ऐकतंय, हा मोठा होता. तुम्हाला ते मिळालं नाही, त्याचं वाईट वाटतं.

---

सातासमुद्रापलीकडे | २७ फेब्रुवारी, पहाटे ४:१०

न्यू जर्सीहून लिहितेय. माझ्याकडे एक मोगरा आहे, आठ वर्षांचा. इथं ऑक्टोबरात घरात घ्यावा लागतो आणि मे महिन्यात पुन्हा बाहेर, कारण एक रात्र जरी बर्फाळ गेली तरी तो संपला. पहिली तीन वर्षं तो जिवंत होता, इतकंच. लांबट काड्या, फिकी पानं, हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेनं लाल कोळी ही कीड. फूल एकही नाही.

चौथ्या वर्षी आई सहा महिने राहायला आली. मे महिन्यात कुंडी बाहेर ठेवली त्या दुपारी मी कामात होते. संध्याकाळी बघते तर आईनं मोगऱ्याचं पान न् पान ओरबाडलं होतं आणि एक तृतीयांश काड्या छाटल्या होत्या. उरला होता नुसता खराटा. तीन वर्षं मी ती पानं एकेक करून पुसली होती. मला रडू आलं. दोन दिवस आईशी धड बोलले नाही.

आई शांत होती. म्हणाली, "मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुनी पानं धरून बसलीस तर तो नवं कशाला काढेल? आपल्याकडे हे काम पौष-माघात करतात, पाणी तोडतात, पानं काढतात आणि मग चैत्रात घमघमाट. इथं तुमचा माघ मे महिन्यात येतो."

जूनच्या अखेरीस पहिल्या कळ्या आल्या. आईनं त्या संध्याकाळी, उमलायच्या आधी खुडल्या आणि वाटीत पाण्यात ठेवल्या. रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात शिरले आणि मला माझं सांगलीचं घर आठवलं, माठ आठवला, माठातल्या पाण्याचा वास आठवला. आईच्या गळ्यात पडले.

आता दर वर्षी मे महिन्यात मी व्हिडिओ कॉल लावून बसते. आई तिकडून सांगते, ही काडी ठेव, ती काढ. खरं तर मला आता सगळं येतं, पण मी विचारते.

---

चाळकरी | २७ फेब्रुवारी, सकाळी ११:००

आठ वर्षांच्या मुलीला कसं वळवू? गिरगावात खिडकीच्या जाळीत चार कुंड्या मावतात. तिला मोबाईल आणि चित्रं, बस्स.

---

मालवणी_मुलूख | २७ फेब्रुवारी, दुपारी ३:२५

गुलबक्षी लावा. काळं मिरीसारखं बी, मूठभर माती असली तरी उगवतं, दीड-दोन महिन्यांत फुलं. आणि मुख्य म्हणजे ती दुपारी चारनंतर उमलते. मुलगी शाळेतून येईल तेव्हा फूल तिच्यासमोर उघडेल. सकाळची फुलं शाळकरी पोरांना बघायलाच मिळत नाहीत. बी मात्र तोंडात घालू देऊ नका, विषारी असतं. चित्रं काढते ना? मग एकाच झाडावर दोन रंगांच्या चिरा असलेली फुलं आली तर ती चितारायला सांगा, प्रत्येक फूल वेगळं निघतं.

---

ठाकुर्लीकर | ४ मार्च, रात्री ९:५०

मदत हवी आहे. आमची इमारत पाडायची आहे, ३० एप्रिलपर्यंत घर रिकामं करायचंय. तळमजल्याच्या खिडकीखाली आईनं १९८८ साली लावलेला गावठी गुलाब आहे, फिका गुलाबी, खूप वासाचा. आई त्याचा गुलकंद करायची. बरणीत पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर, महिनाभर गच्चीवर उन्हात. शेजारपाजारच्या दहा घरांत वाट्या जायच्या. आई ७६ वर्षांची आहे. घर सोडण्याबद्दल ती काही बोलत नाही, पण रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहून त्या झाडाकडे बघते.

मी आजवर झाडाला हात लावलेला नाही. गेल्या महिन्यात चार फांद्या कापून कुंडीत खोचल्या, चारही काळ्या पडल्या. दुकानातला गुलाब आणून देणं हा उपाय नाही. तोच गुलाब हवा आहे.

---

संत्रानगरी | ४ मार्च, रात्री १०:३५

काळ्या खालून वर पडल्या की वरून खाली? खालून असतील तर माती घट्ट होती आणि पाणी जास्त झालं. वरून असतील तर सुकल्या. बहुतेक खालूनच असतील.

आता उन्हाळा चढतोय, नुसत्या फांद्यांच्या भरवशावर राहू नका. गुटी बांधा. फांदी झाडावरच राहते, झाड तिला पोसत राहतं आणि तिथंच मुळं फुटतात. पेन्सिलीएवढी जाड, वर्षभराची फांदी निवडा, भिंतीच्या सावलीच्या बाजूची. धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या पात्यानं डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा खाली इंचभर रुंदीचं सालीचं कडं काढा, गोल, पूर्ण. आतलं पांढरं लाकूड हाताला कोरडं लागेपर्यंत खरवडा. तो बुळबुळीत हिरवा पापुद्रा राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. सगळे इथंच चुकतात. मग भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ (मॉस), लिंबाएवढा गोळा, त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं आवळून. वरून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, नाहीतर प्लास्टिकच्या आत उन्हानं शिजेल. पाच फांद्यांवर बांधा. पाच-सहा आठवड्यांत पांढरी मुळं प्लास्टिकमधून दिसतील. दिसल्याशिवाय उघडायचं नाही.

याशिवाय सहा इंची दहा काड्या, तीन-चार डोळ्यांच्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. निम्मी वाळू, निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वर पाण्याची बाटली कापून उपडी घाला, सावलीत ठेवा. मुळं आली का हे बघायला काडी उपटू नका.

मूळ झाडही एप्रिलात दीड फुटावर छाटून मातीच्या गड्ड्यासकट गोणपाटात उचला. एवढ्या जुन्या झाडाचं, त्यात उन्हाळ्यात, जगणं कठीण आहे, पण प्रयत्न करा. फांदी निवडताना अडलात तर फोटो टाका. मी रोज रात्री बघतो.

---

कृष्णाकाठची | ५ मार्च, सकाळी ७:२५

आप्पांना संत्रानगरींचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. ते म्हणाले, "हा माणूस झाडाशेजारी खूप वर्षं बसलेला आहे." एवढंच म्हणाले.

---

ठाकुर्लीकर | १८ एप्रिल, रात्री ८:१५

पाचपैकी तीन गुट्यांत मुळं दिसतायत! दोऱ्यासारखी पांढरी. आईला खाली नेऊन दाखवलं. दहा काड्यांपैकी आठ गेल्या, दोन हिरव्या आहेत.

---

संत्रानगरी | १८ एप्रिल, रात्री ८:४०

उद्याच कापू नका, अजून आठवडा द्या. मुळं जरा तपकिरी झाली की गोळ्याच्या खालून कापा, शेवाळ तसंच ठेवून लावा, आणि वरची निम्मी पानं काढून टाका. दहा दिवस ऊन नाही.

काल बाबांची कात्री काढली, गंज घासून तेल लावून ठेवली.

---

ठाकुर्लीकर | ९ जून, रात्री ९:३०

मूळ झाड गेलं. आम्ही गड्डा उचलला तेव्हा खाली जुन्या फरशीचा तुकडा होता आणि मोठी मुळं त्याला वळसा घालून गेली होती, ती तुटली. तीन आठवडे भाड्याच्या जागेच्या जिन्याखाली ठेवलं होतं. आईच म्हणाली, आता पाणी घालू नकोस.

गुट्यांपैकी दोन जगल्या. काड्यांपैकी एक. परवाच्या पहिल्या पावसात तिन्ही बाहेर ठेवल्या. एकीला लालसर नवी पानं आहेत, आईनं त्यांवर बोट फिरवून बघितलं.

---

चाळकरी | १२ जुलै, सकाळी १०:२०

गुलबक्षी फुलली. पिवळ्यावर गुलाबी चिरा. मुलीनं आतापर्यंत अकरा फुलं चितारली आहेत, प्रत्येकाखाली वेळ लिहिलीय. काल पावसाळी अंधार होता तर फुलं तीनलाच उघडली होती, हे तिनं मला सांगितलं. मालवणी_मुलूख, मनापासून आभार.

---

ठाकुर्लीकर | १४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

गुटीच्या एका झाडाला कळी आली आहे. हरभऱ्याच्या घाट्याएवढी.

---

संत्रानगरी | १४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

पहिली कळी ठेवू नका. झाड लहान आहे, फुलावर जोर गेला तर मुळं मागे पडतात. बाबा नव्या झाडाची पहिली कळी नेहमी खुडायचे. पण आईंना आधी दाखवा. रंग दिसेपर्यंत थांबलात तरी चालेल, दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

---

ठाकुर्लीकर | १९ ऑगस्ट, सकाळी ८:४५

दाखवली. तोच फिका गुलाबी. तुम्ही सांगितलेलं आईला सांगितलं, तर म्हणाली, "माहितीय मला. त्या वर्षी मीसुद्धा खुडली होती." तिनंच खुडली आज, नखानं, पानाच्या जरा वर. स्टीलच्या वाटीत पाणी घालून तिच्या उशाशी ठेवली आहे. अर्धी उमललीय. खोलीत आत्ताच वास यायला लागलाय.